करडी पट्टी

छापील फॉर्मला नऊ रकाने होते आणि पट्टीबाईला ते सगळे तोंडपाठ होते. आजवर तिने असे एकवीस फॉर्म भरले होते. सुवाच्य अक्षर, खाडाखोड कुठेही नाही. बाविसावा मंगळवारपासून तिच्या खणात पडून होता. गुरुवारी दुपारी चारपर्यंत तो मेट्रनबाईंच्या टेबलावर पोचायला हवा होता, आणि पेन हातात घेतले की ती ते पुन्हा खाली ठेवत होती.

रकाना १. घटनेचा दिनांक, वेळ व ठिकाण

मंगळवार. सकाळी आठ वाजून दहा मिनिटे. निर्जंतुकीकरण विभाग.

एवढे लिहायलाच तिला अर्धा तास लागला.

विभाग रुग्णालयाच्या तळघरात होता. त्याचे कागदोपत्री नाव कुणी घेत नसे. सगळे त्याला भट्टी म्हणत. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या एका दाराने आत येत, धुतल्या जात, कापडात बांधल्या जात, वाफेच्या मशीनमध्ये बसत आणि दुसऱ्या दाराने वर जात. प्रत्येक खेपेत एक परीक्षेची पुडी ठेवायची पद्धत होती. तिच्या पोटात बोटाएवढी कागदी पट्टी. वाफ अगदी आतपर्यंत पोचली तर पट्टीवरची करडी रेघ कोळशासारखी काळी होते. खेप बाहेर आली की आधी ती पुडी फोडायची आणि पट्टी बघायची. काळी असेल तर सही करायची, खेप वर पाठवायची. करडी राहिली असेल तर सगळीच्या सगळी खेप पुन्हा मशीनमध्ये. गाठोड्यांना बाहेरून लावलेली फीतही काळी होते, पण ती नुसत्या उष्णतेनेही होते. तिच्यावर विसंबायचे नाही. "बाहेरून काळी, आतून कोरी," असे विभागातल्या सगळ्यांत जुन्या मावशी नव्या मुलींना शिकवायच्या. "माणसांतही असतात अशी."

बघून झालेली पट्टी वहीत चिकटवली जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाच्या सगळ्या पट्ट्या पट्टीबाई स्वतः पुन्हा बघे. हे तिला कुणी सांगितलेले नव्हते. इन्चार्ज झाल्यापासून तिने आपणहून सुरू केले होते, आणि नाव पडले ते त्यावरूनच. ते पाठीमागे घेतले जाते हे तिला ठाऊक होते. मनातून आवडतही होते.

सोमवारची चौथी खेप. काचेच्या केबिनमध्ये, तीन आठवड्यांपूर्वी आपल्या टेबलावर मुद्दाम बसवून घेतलेल्या पांढऱ्या दिव्याखाली, ती पट्टी करडी दिसली. कोऱ्या पट्टीसारखी नव्हे. पण काळीही नव्हे. ओली पाटी वाळत आली की दिसते तशी.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शेजारची तिसऱ्या खेपेची पट्टी काळी कुळकुळीत होती, आणि तिच्या शेजारी ही. पट्टीखाली सही होती, शाळकरी मुलीसारखी मोठ्या गोल अक्षरांतली. मावशींची.

तिने ऑपरेशन थिएटरला फोन लावला. चौथ्या खेपेत आठ गाठोडी होती. सात अजून फडताळातच होती. आठवे आज साडेसातला एका ऑपरेशनसाठी फोडले होते.

रकाना २. बाधित रुग्ण

बस ड्रायव्हर, वय बावन्न. हर्निया. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट.

सर्जननी सगळे ऐकून घेतले, एक शब्दही वाकडा बोलले नाहीत, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली. त्यांनी मोठी इंजेक्शने सुरू केली. जखम बिघडायची असेल तर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास ताप चढेल, म्हणाले. तिसरा दिवस म्हणजे गुरुवार. रुग्णाला आणि त्याच्या बायकोला 'खबरदारी म्हणून' इतकेच सांगितले गेले. खबरदारी हा शब्द ऐकून ड्रायव्हर हसला म्हणे, आणि बसमध्येही हाच शब्द लिहिलेला असतो, पण तो कुणी वाचत नाही, असे म्हणाला.

पट्टीबाई दिवसातून तीनदा दुसऱ्या मजल्यावर जाऊ लागली. कधी ट्रे मोजायला, कधी कुठल्या तरी यादीवर सही घ्यायला. खाटेच्या पायथ्याशी तापाचा तक्ता टांगलेला असे. त्याच्यावरून नजर फिरवायची आणि निघायचे. मंगळवारी संध्याकाळी अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. बुधवारी सकाळी तेवढाच. ड्रायव्हरची बायको स्टुलावर बसून त्याच्या शर्टाचे बटण शिवत होती. तिने मान वर करून विचारले, "तुम्ही डॉक्टर का?"

"नाही. मी खालच्या विभागातली."

"मग सारख्या येता त्या?"

तिने काहीतरी उत्तर दिले. काय दिले ते जिना उतरेपर्यंत तिचे तिलाच आठवेना. चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते कसे असते, हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळत होते. आणि चोर तर ती नव्हतीच. चूक मावशींची होती. हे ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती. दर वेळी ते खरेच होते, आणि दर वेळी काहीतरी खुपत होते.

रकाना ३. तातडीने केलेली कार्यवाही

सात गाठोडी परत आणली. मशीन बंद ठेवले. मेकॅनिकला मशीनच्या दाराचे रबर एका कोपऱ्यात फाटलेले आढळले. तिथून वाफ निसटत होती. रबर बदलले.

(हा रकाना भरताना तिचे अक्षर पूर्वीसारखे आले.)

रकाना ४. संबंधित कर्मचारी

मावशी. भट्टीत एकतीस वर्षे. निवृत्तीला चार महिने.

पट्टीबाई इथे आली तेव्हा तिला कात्री कशी धरायची हेसुद्धा ठाऊक नव्हते. मावशींनी शिकवले. सांध्यात रक्त अडकलेली कात्री उघडून, ब्रशने घासून, पाण्याखाली धरून. "हिचं तोंड उघडं ठेव पोरी. बंद तोंडात घाण राहते." पुढे ती परीक्षा देऊन इन्चार्ज झाली आणि मावशी तिच्या हाताखाली आल्या. मावशींना त्याचे काही वाटले असले तरी ते त्यांनी कधी दाखवले नाही. चारचौघांत तिला 'बाई' म्हणत आणि एकटीत 'पोरी'.

बुधवारी सकाळी मेट्रनबाईंनी तिला बोलावून घेतले. खुर्ची दिली, दार लोटले. त्यांचे म्हणणे साधे होते. वर समितीला एक कागद लागतो, कागदावर एक नाव लागते. म्हातारीची नजर गेली, हे काही आश्चर्य नाही. तिला चार महिने आधी घरी पाठवू, मानाने, हार घालून. रुग्ण बरा झाला तर प्रश्नच मिटला. आणि नाही झाला, तरी नाव आधीच कागदावर असेल.

"आणि तुमच्यामुळे हे सापडलं, हेसुद्धा मी लिहिणार आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखी दुसरी नजर होती म्हणून."

पट्टीबाईला या कौतुकाची ऊब वाटली. त्या उबेचीच मग तिला भीती वाटली, कारण ती ओळखीची होती.

अकरा वर्षांपूर्वीची. तेव्हाचा इन्चार्ज पुड्या न फोडताच सह्या करत असे. तिने महिनाभर पाळत ठेवून लिहून काढले, तारीखवार. तो तिचा पहिला फॉर्म. तो माणूस कामावरून गेला, आणि जायलाच हवा होता. त्यात तिळमात्र खोटे नव्हते. त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली, गुडघे टेकून देवाचे आभार मानले आणि गाढ झोपली. पुढच्या रविवारी तो माणूस बायकोमुलांसह चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसला होता. उपासनेच्या शेवटी सगळे एकमेकांना शांती देतात, हात हातात घेतात. त्याने बाकांच्या वाटेत येऊन तिच्यापुढे हात केला. ती गीतांच्या पुस्तकात पान शोधत राहिली. पान सापडलेलेच होते.

काही महिन्यांनी ते कुटुंब गाव सोडून गेले.

तिने रकान्यात मावशींचे नाव आणि कामाचा क्रमांक लिहिला. शाई वाळेपर्यंत बघत बसली.

रकाना ५. घटनेचे कारण

(नंतर.)

रकाना ६. यापूर्वी अशी घटना घडली होती काय?

"नाही" असे लिहून ती बुधवारी घरी गेली.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे. नवरा छापखान्यातून उशिरा येई. सासूबाई गॅलरीच्या उजेडात शेंगा सोलत होत्या. त्यांचा एक कान गेलेला होता, जीभ मात्र शाबूत. सुनेचा चेहरा बघून त्यांनी शेंगांची परात तिच्या मांडीवर सरकवली. हाताला काम दिले की तोंड आपोआप सुटते, हा त्यांचा जुना अनुभव.

तिने सगळे सांगितले. पट्टी, सही, ड्रायव्हर, मेट्रनबाई. एकोणीस वर्षांची असताना येशूने डोंगरावर दिलेल्या आशीर्वादांतल्या 'नीतिमत्त्वाचे भुकेले व तान्हेले ते धन्य' या ओळीवरचे प्रवचन ऐकून आपण देवाकडे नीतिमत्त्वाची भूक मागितली होती, तहान मागितली होती, आणि तेव्हापासून खोटी सही दिसली की आपला जीव खरोखरच कासावीस होतो, हेही सांगितले. यात काय चुकले?

"चुकलं कुठे," सासूबाई म्हणाल्या. "भूक चांगलीच. पण भुकेल्या माणसानं आपण काय खातोय ते मधूनमधून बघावं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला काय माहीत. मी शेंगा सोलतेय." मग थोड्या वेळाने, शेंगेकडेच बघत, "तुझा तो पहिला फॉर्म झाला ना, त्या दिवशी तू माझ्या वाट्याची भाजीसुद्धा संपवलीस. मी बोलले नाही. म्हटलं, पोरीला भूक लागलीय."

त्याच आशीर्वादांत भुकेच्या ओळीखाली लगेच 'जे दयाळू ते धन्य' ही ओळ आहे; लहानपणापासून तिने दोन्ही एका दमात म्हटले होते. आता वाटले, की आपण आयुष्यभर वरच्याच ओळीवर उभ्या आहोत. खाली पाय टाकला तर तिथे पायरी असेल की नुसता काळोख, हेच कळत नव्हते. मावशींना माफ करून चूक झाकायची, तर ते खोटे. आणि उद्या त्या खाटेवर ताप चढला तर? झाकलेले कुणाच्या अंगावर येणार होते? मनाच्या काठावर हात पुढे करून उभा असलेला तो शेवटच्या बाकावरचा माणूस काही केल्या जाईना.

रकाना ७. संबंधित कर्मचाऱ्याचे म्हणणे

गुरुवारी सकाळी ती आधी दुसऱ्या मजल्यावर गेली. तक्त्यावर नव्व्याण्णव. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवल्यासारखा तो ठिपका कालच्यापेक्षा किंचित वर होता. नर्स म्हणाली, इतका असतो कधीकधी. जिना उतरताना तिने कठडा सोडला नाही.

मावशी उतरवणीच्या टेबलापाशी होत्या. मशीनमधून खेप बाहेर येते ते हे टेबल. मंगळवारपासून त्यांना सही करू दिली जात नव्हती. त्या कापडांच्या घड्या घालत होत्या, कडेला कड जुळवून, जणू त्या घड्यांवरच कुणाचा जीव टांगला आहे. पट्टीबाईने फॉर्म टेबलावर ठेवला आणि सांगितले, की तुमचे म्हणणे तुमच्याच शब्दांत लिहायचे आहे.

"लिही. मला काळी दिसली."

"एवढंच?"

"एवढंच. ड्रायव्हर कसा आहे?"

"नव्व्याण्णव."

मावशींचे हात थांबले. त्यांनी एक घडी उलगडली आणि पुन्हा घातली. गेल्या तीन दिवसांत त्यांचे डोळे आत गेले होते. पट्टीबाईला वाटले, हिलाही झोप नाही. मग तिने ते विचारले, जे खरे तर मंगळवारीच विचारायला हवे होते: कशी बघितली, दाखवा.

तिने वही आणली होती. मावशींनी ती टेबलावर, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी तिरकी धरली. वर छताला पिवळा बल्ब होता. "अशी," त्या म्हणाल्या आणि वही तिच्या हातात दिली.

पट्टी काळी होती.

पट्टीबाईने वही डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. पिवळ्या उजेडात तिसरी आणि चौथी पट्टी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. तिने मान वर केली. बल्बच्या बाजूला छताला एक हूक होता. हुकाखाली दोन वायरींची टोके चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली. पांढरा दिवा तिथे टांगलेला असे, कितीतरी वर्षे, टेबलावर हातभर अंतरावर. तो तिने काढून घेतला होता. तीन आठवड्यांपूर्वी. दुसऱ्या बघण्यात चूक राहू नये म्हणून.

दुसरे बघणे चोख होते. फक्त ते एक दिवस उशिरा होते.

तिने टेबलाची कड धरली. कड अजून गरम होती.

"मावशी, तुम्ही सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं होतं की. दिवा नेलास त्याच दिवशी. म्हटलं, बाई, इथं दिसत नाही. तू म्हणालीस, डोळे उघडे ठेवले तर दिवा लागत नाही."

तिला आठवले. शब्द आठवले, शब्दांची चाल आठवली, आणि ते ऐकून हसलेल्या दोन मुलीही. इतके दिवस हे कुठे होते? विसरलेले नव्हते. आजूबाजूला कुठेतरी ठेवलेले होते, जिथे आपण बघत नाही अशा जागी.

"मग म्हणण्यात हे का नाही घालत?"

"घालून काय करू? मला चार महिने राहिलेत, तुला चांगली पंधरा वर्षं." मावशींनी पुढची घडी घेतली. "आणि ती दया वगैरे काही नाही, उगाच डोळ्यांत पाणी आणू नकोस. मला भांडायचा कंटाळा आलाय. शिवाय बघितली तर मीच. शंका आली होती पोरी. पाऊण क्षण. खिडकीपाशी नेली असती तर कळलं असतं. पाच पावलांवर खिडकी. नाही गेले. गुडघे दुखत होते."

हे त्या इतक्या सहज बोलल्या, की पट्टीबाईला तिथे उभे राहवेना. एवढे खरे बोलायला माणूस कुठून बळ आणतो? तिच्या एकवीस फॉर्मांत असे एकही वाक्य नव्हते.

रकाना ८. भविष्यकाळासाठी सूचना

दिवा परत जागेवर लावावा.

तिने लिहिले आणि इलेक्ट्रिशियनची वाट बघितली नाही. स्टुलावर चढून आपल्या टेबलावरचा दिवा स्वतः सोडवला, हातातून नेला आणि मेकॅनिककडून हुकाला जोडून घेतला. उतरवणीच्या टेबलावर पांढरा उजेड पडला तेव्हा कापडांवरचे जुने डागसुद्धा दिसू लागले. मावशी म्हणाल्या, "दिव्याखालचा अंधार गेला म्हणायचा." त्यावर कुणीच हसले नाही. त्या स्वतःही नाही.

रकाना ५. घटनेचे कारण

दुपारी एक वाजता, दिवा नसलेल्या केबिनमध्ये. तिने लिहिले:

'मशीनच्या दाराचे रबर फाटल्याने वाफ पूर्ण पोचली नाही. पट्टी करडी होती. कर्मचाऱ्याने ती काळी वाचली.'

इथे थांबता येत होते. दोन्ही वाक्ये खरी होती. समितीला दोनच पुरली असती, मेट्रनबाईंना तर दुसरे एकटेच. तिने पेन खाली ठेवले. बाहेर मशीन वाफ सोडत होते, आणि तो आवाज तिला वर कुठेतरी कुणीतरी दातांतून श्वास ओढतेय तसा ऐकू आला. केबिन जाईल. वही जाईल. कदाचित नोकरीही. ड्रायव्हरला काही झाले तर त्याहून वाईट. ज्या मुली त्या दिवशी हसल्या होत्या त्या आता वेगळ्या हसतील. आणि हे सगळे ती कुणासाठी करत होती? नेहमीची ती ऊब तिने छातीत चाचपून बघितली. नव्हती. तिथे नुसती भीती होती, स्वच्छ, सगळ्या बाजूंनी सारखी. तेव्हा कुठे तिला पेन उचलता आले.

'पट्टी वाचण्याचा पांढरा दिवा या अहवालाखाली सही करणारीने तीन आठवड्यांपूर्वी तेथून काढून स्वतःच्या टेबलावर नेला होता. दिसत नसल्याचे कर्मचाऱ्याने त्याच दिवशी सांगितले होते. ते ऐकले नाही.'

मग ती चौथ्या रकान्याकडे परत गेली आणि मावशींच्या नावाखाली स्वतःचे नाव घातले. रकाना एका माणसापुरताच आखलेला होता. अक्षरे कडेबाहेर गेली. आठव्यात आणखी एक ओळ घातली, की मावशींना उरलेले चार महिने याच टेबलावर काम करू द्यावे, दिव्यासह. पहिल्यांदाच फॉर्म गिचमिड दिसत होता.

मेट्रनबाईंनी तो उभ्यानेच वाचला.

"तिला वाचवायला चाललायत तुम्ही?"

"नाही. त्यांची सही आहे तिथेच आहे. मी फक्त दिवा लिहिला."

"हे वर गेलं तर विभाग तुमच्याकडे राहणार नाही."

"हो."

मेट्रनबाईंनी कागद तिच्या हातात परत दिला. अजून सही झालेली नाही, म्हणाल्या. चारपर्यंत वेळ आहे, कोरा फॉर्म कपाटात आहे, विचार करा.

रकाना ९. अहवाल देणाऱ्याची सही

सर्जन थिएटरबाहेर हात पुसत उभे होते. तिने विचारले, की त्या माणसाला खरे कधी सांगणार. ते म्हणाले, आजचा दिवस निभावला की. ती म्हणाली, निभावला तर सांगायला सोपेच आहे. सर्जन हात पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग म्हणाले, चला.

त्यांनी खाटेपाशी उभे राहून आपला भाग सांगितला, नीट, मऊ शब्दांत, आणि दुसऱ्या रुग्णाने बोलावले म्हणून गेले. पट्टीबाई उरली. तिने तिचा भाग सांगितला. पट्टी, पिवळा बल्ब, दिवा. ड्रायव्हर छताकडे बघत ऐकत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. उकाड्याचा की कशाचा, सांगता येत नव्हते.

"आमच्याकडेही तसंच असतं," तो शेवटी म्हणाला. "रोज सकाळी एक जण ब्रेक बघतो, सही करतो. आम्ही बसतो आणि चालवतो. बघितलं का, हे विचारायचं नसतं. विचारलं तर बस चालवता येणार नाही."

बायको हसली नाही. तिच्या मांडीवर शर्ट होता, सुई अर्धी आत. "तुम्ही आत्ता आलात," ती म्हणाली. "ताप चढला असता तरी तुम्ही आला असतात?"

पट्टीबाईने उत्तर शोधले. 'हो' हा शब्द अगदी जिभेवर होता आणि तो खोटा ठरायची भीती होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "आले असते असं वाटतं. पण आजवर मी फक्त दुसऱ्यांच्या चुका घेऊन आलेय."

बायकोने हात पुढे केला. क्षणभर पट्टीबाईला कळेना काय हवे आहे. मग तिने फॉर्म दिला. बायको वाचू लागली, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. पाचव्या रकान्यात बोट फार वेळ थांबले. एकदा मागे जाऊन पुन्हा खाली आले. खिडकीबाहेर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होते. पावणेतीन वाजले होते.

"सही राहिलीय," ती म्हणाली.

पट्टीबाईने खाटेच्या कडेवर कागद ठेवला आणि सही केली. अक्षर तिचे नव्हते. मोठे आणि गोल.

तिने कागद उचलला, आणि आता माफी मागावी की मुकाट्याने जावे हे न कळून तिथेच उभी राहिली. एवढ्यात नर्स आली. थर्मामीटर झटकले, ड्रायव्हरच्या जिभेखाली ठेवले, घड्याळ बघू लागली. पट्टीबाई दाराकडे वळली.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली. आवाजात राग होता, आणि रागाखाली आणखी काहीतरी, ज्याला पट्टीबाईला नाव देता येईना. "पारा बघून जा."

बायको स्टुलाच्या अर्ध्या भागावर सरकली. उरलेल्या अर्ध्यावर पट्टीबाई बसली. दोघींचे खांदे एकमेकींना लागले आणि दोघींनीही ते मागे घेतले नाहीत. तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला. नेहमीचे शब्द येईनात. न्याय कर, हे तर आज कुठल्या तोंडाने मागणार. एकच शब्द येत होता, दया, तोही कुणावर ते न सांगता.

नर्सने थर्मामीटर काढून उजेडाकडे धरले.

"नव्व्याण्णव पूर्णांक चार," ती म्हणाली. "यावरून काही सांगता येत नाही. तासाभराने पुन्हा बघू."

तीन वाजत आले होते. चारला अजून तास होता, आणि मेट्रनबाईंची खोली याच मजल्यावर होती. ड्रायव्हरने डोळे मिटले. बायकोने शर्टातली सुई ओढून घेतली, दोरा दातांनी तोडला, नवा ओवायला धरला आणि ओवेना, तेव्हा सुई न बघताच शेजारी दिली.

"तासभर आहातच ना," ती म्हणाली. "एवढं ओवून द्या."

पट्टीबाईने सुई खिडकीच्या उजेडाकडे धरली.